दिवसाला दिवस

सन १९१२ च्या मार्गशीर्षात चंद्रकांतशेटांचा पुतण्या गोवर्धन लादणीचे चार बैल घेऊन जव्हारहून निघाला आणि वाटेत एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी उंबरमाळावर पोचला. वांगणीच्या पुढे, दरीच्या कडेला बारा घरांचा हा पाडा. तिथे आजवर कुणी दुकान घातलं नव्हतं. लाकूडतोडीच्या दिवसांत कुणा ठेकेदाराने बांधलेली कारवीच्या कुडाची एक खोप माळाच्या टोकाला रिकामी पडली होती. तीत गोवर्धनने माल लावला. रॉकेलचे सहा डबे, आगपेट्या, गोडं तेल, गूळ, साबण, विड्या, काचेच्या बांगड्या, काथ्याचे दोर, आणि मिठाची एक गोणी.

"मिठात काय आहे?" काका म्हणाले होते. "ओझं बैलाचं आणि मिळकत मुंगीची. एक गोणी ने, नावाला."

मीठ चार दिवसांत संपलं. पाचव्या दिवसापासून दुकानात कुणी आलं नाही.

गोवर्धन बावीस वर्षांचा होता. वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा, आणि तेव्हापासून तो आणि त्याची आई कुसुमावती काकांच्या घरी राहत होती. कुणी त्यांना कधी वाकडा शब्द बोललं नाही. कुसुमावती तेरा वर्षं त्या घरचा स्वयंपाक करत होती, पण काय रांधायचं हे तिने एकदाही ठरवलं नव्हतं. रोज सकाळी जाऊबाई कोठीची किल्ली घेऊन यायच्या, तांदूळ-डाळ काढून द्यायच्या, कोठीला कुलूप लावून जायच्या. एकदा गोवर्धनला ताप होता आणि तिला त्याच्यासाठी मऊ भात करायचा होता, तर जाऊबाई देवळातून येईपर्यंत ती कोठीच्या दारात उभी राहिली होती. जाऊबाई आल्या, तांदूळ दिले, "अहो, थांबलात कशाला, हाक मारायचीत" असंही म्हणाल्या. गोवर्धनने अंथरुणातून पाहिलं होतं ते आईचं उभं राहणं.

म्हणून काकांनी पाड्यावर दुकान घालायची गोष्ट काढली तेव्हा त्याने एका शब्दात हो म्हटलं. करार साधा होता. अक्षय्यतृतीयेपर्यंत माल खपला तर दुकान त्याचं, त्याने आईला घेऊन तिथे बिऱ्हाड करावं. "नाही खपला तर परत ये," काका म्हणाले होते. "आपलं घर आहेच." ते प्रेमाने बोलले होते आणि गोवर्धनला त्याचीच धास्ती होती.

पौष गेला. रॉकेलचा एकही डबा फुटला नाही. मग तो स्वतः घरोघर हिंडू लागला.

पहिलं घर पोशीचं. पोशी साठीची, पाड्यातली सगळ्यांत मोठी बाई. मुलगा जिव्या आणि सून गोदी तिच्याजवळ राहत. गोवर्धनने आगपेटी काढून काडी ओढून दाखवली.

गोदीने चुलीकडे बोट केलं. राखेखाली निखारा होता. "आमचा विस्तव माज्या लग्नापासून विझला नाय. तुजी काडी तर विझली पन."

"पण विझलाच तर?"

"तर फागूबाबाकडचा आनीन. त्याचा विझला तर तो आमचा नेतो. सगळ्या बारा घरांचा एकदम विझंल तवा तुज्याकडं येईन, शेट."

पाड्यात 'तुम्ही' नव्हतं. देवाला तू, म्हाताऱ्याला तू आणि शेटलाही तूच. पहिले काही दिवस गोवर्धनच्या कानाला ते टोचलं, पुढे पुढे बरं वाटू लागलं.

तेलाचंही तसंच झालं. दिव्याला मोहाच्या बियांचं तेल, खायला खुरासणीचं. गुळाऐवजी मध. कणगीत नागली, वरई, भात आणि उडीद. पुढच्या पेरणीची नागलीची कणसं जुडी करून चुलीवरच्या धुरात टांगलेली. बाहेरून त्यांना तीनच गोष्टी लागत आणि गोवर्धनने त्या नीट लक्षात ठेवल्या. मीठ, लोखंड, आणि वर्षातून एकदा अंग झाकायला कापड. त्यांतलं कापड पीक निघाल्यावर जव्हारच्या बाजारात घेऊन झालेलं होतं, आणि लोखंड त्याने आणलंच नव्हतं.

तो वाण्याचा मुलगा होता. माणूस वस्तू घेत नाही म्हणजे त्याला ऐपत नाही किंवा माहिती नाही, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. पण इथे दोन्ही खरं नव्हतं. जिव्या दोन वर्षं ठाण्याकडे लाकडाच्या वखारीत राबून आला होता. फागूने मुंबई पाहिली होती आणि गोऱ्या साहेबाचा कुत्रा सांभाळला होता. त्यांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून ते नको म्हणत होते. म्हणून त्याने विकणं सोडलं आणि विचारायला सुरुवात केली. गंमत अशी की प्रत्येकाचं कारण निराळं निघालं.

फागूचं कारण पावसाचं होतं. फागू पन्नाशीचा, विधुर, तोंडाने फटकळ. "शेट, तुजा बाजार लई चांगला. पन त्याला पोहता येत नाय. ज्येष्ठात खालची नदी चढली की चार महिने ना तू येनार ना तुजा गूळ. गुळाची सवय मातर इथंच राहनार, माज्या घरात, माज्या उरावर. तिला मी काय घालू?"

जिव्याचं कारण त्याच्या पायात होतं. वखारीतून परतताना त्याने काथ्याचा चांगला जाड दोर विकत आणला होता. त्यावरून मधाच्या पोळ्यासाठी कड्यावर उतरला आणि दोर निम्म्यावर तुटला. तो तेव्हापासून डाव्या पायाने लंगडत होता. "दोर वाईट होता आसं मी बोलत नाय," जिव्या म्हणाला. तो नेहमीच तोलून बोलायचा. "पन तो कोनी वळला, कवा वळला, भिजला का सुकला, मला काय ठावं? माजा दोर मी अंबाडीचा वळतो. त्यातला कच्चा पदर कंचा ते माज्या हाताला ठावं असतं. त्याच्यावर मी तेवडाच भार टाकतो."

गोदीने तर आधी सांगायचंच टाळलं. मग नागली पाखडता पाखडता म्हणाली, "माजं माहेर सडकेच्या बाजूला. तिथं सगळं बाजारातून येतं. आनतो कोन? बाप. मंग किती आनायचं, कवा आनायचं, पावन्याला काय वाढायचं, तोच बोलतो. माजी आई त्याच्या तोंडाकडं बघते. इथं कणगी बाईच्या हातात. जिव्या मला विचारतो, गोदी, आज काय? मी बोलते ते होतं." ती हसली. "आता तो लंगडा, बाजार लांब. मला बरंच."

बाहेर बसलेला जिव्या म्हणाला, "ऐकू येतं हां मला."

"यावं म्हनूनच बोलते."

गोवर्धन खोपीवर परतला आणि त्या रात्री त्याने मालाच्या डब्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या डोळ्यांपुढे कोठीचं दार होतं.

फाल्गुनात त्याने खोपीचं छप्पर नीट पाहिलं. गवत कुजलं होतं, वासे वाळवीने खाल्ले होते. पहिल्या झडीत ते खाली येणार हे सांगायला जाणत्याची गरज नव्हती. छप्पर नाही तर आई नाही. त्याने पाड्यावर सांगितलं की शाकारणीला माणसं हवीत, जव्हारच्या दीडपट मजुरी देईन, रोजच्या रोज. लोकांनी ऐकून घेतलं, बरं म्हणाले, आणि कुणी आलं नाही. तो दुसऱ्यांदा सांगून आला. तरी कुणी नाही. तिसऱ्या वेळी त्याचा तोल गेला.

"तुम्हाला मी इथे नकोच आहे," तो फागूला म्हणाला. "तसं सांगा. माल घेत नाही ते घेत नाही, आता पैसे देऊनसुद्धा हात लावत नाही. मी काय कुणाचं वाईट केलं?"

फागू त्याच्याकडे बघत राहिला. "पोशे," त्याने पलीकडे हाक मारली, "हा शेट रडतोय. तू बोल त्याच्याशी. माजं तोंड खराब."

पोशी आली, खोपीच्या दारात बसली आणि आधी छप्पर बघून घेतलं.

"तू मजुरी देशील," ती म्हणाली. "मंग?"

"मग काय? काम झालं."

"हां. काम झालं, मजुरी झाली. तू मोकळा, मी मोकळी. आनी श्रावनात तुजं छपर वाऱ्यानं उडालं, तवा हाक कोनाला मारशील? मोकळ्या मानसाला?"

गोवर्धनने वरच्या कुजलेल्या गवताकडे पाहिलं.

"इथं छपराची मजुरी नसते, बाबा. सावड असते. तू माज्या रानात एक दिवस ये, मी तुज्या छपरावर एक दिवस येते. दिवसाला दिवस. बारा घरं, बारा दिवस. आता राबाचं काम निघालंय, सगळ्यांना हात पाहिजेत. तू बारा दिवस दे, एका दिवशी बारा घरं तुज्या दारात उभी राहतील. मंग तुजं छपर आमचं पन झालं. ते गळलं तर आमाला लाज."

ती जायला उठली, तेव्हा गोवर्धनने तिला तिचं कारण विचारलं. बाकी सगळ्यांनी सांगितलं होतं. ती पुन्हा बसली नाही, उभ्यानेच बोलली. सन शहात्तरच्या दुष्काळात जिव्या पोटाशी असताना ती मोठ्या वाटेवरच्या एका दुकानदाराकडे नागली मागायला गेली होती. "दार बंद नव्हतं. उघडं होतं. मानूस पन चांगला. तो बोलला, थांब, देतो. मी सकाळपासून थांबले. उनं उतरली तवा त्यानं दिली, भरपूर दिली. पन त्या दिवसात मी काय झाले ते मला ठावं. मागनं वाईट नसतं, पोरा. वाट बघनं वाईट. दुसऱ्याच्या दारात मानूस वाट बघतो ना, तवा तो आतून बारीक होत जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोवर्धनने दुकानाला कुलूप घातलं आणि कोयता मागायला जिव्याकडे गेला.

राब म्हणजे काय हे त्याने शब्दापुरतं ऐकलेलं होतं. आता हाताने कळलं. ऐनाचे टहाळ तोडायचे, पण झाड मरेल असे नाहीत, शेंडा राखून. ते डोक्यावरून आणायचे. रोपं करायच्या तुकड्यावर आधी शेण, वर टहाळ, वर गवत आणि त्यावर मातीचा बारीक थर. चैत्रात वारा पडला की पेटवायचं. आग सावकाश जळली पाहिजे, तर खालची माती भाजते, तणाचं बी मरतं आणि नागलीचं रोप स्वच्छ उगवतं. तिसऱ्या दिवशी त्याच्या तळहातांवर फोड आले, पाचव्या दिवशी ते फुटले. गोदीने त्यांवर मोहाचं तेल चोळलं आणि म्हणाली, "हे इकत नाय हां. हे तसंच."

आठवा दिवस फागूच्या रानाचा होता. सगळा राब रचून झाला होता आणि फागू पाणी प्यायला ओढ्यावर गेला होता. वारा पडलेला पाहून गोवर्धनने विचार केला की आपण पेटवून ठेवू, तेवढंच काम पुढे जाईल. त्याने खिशातून आगपेटी काढली आणि तुकड्याच्या खालच्या कडेला, जिथे तो उभा होता तिथेच, काडी लावली. आग चढावर धावली. बघता बघता वरच्या टोकाला पोचली आणि विझली. फागू परत आला तेव्हा राखेचा पातळ पापुद्रा उरला होता. फागूने बोटाने माती उकरली. खाली ती कच्ची, थंड आणि ओलसर होती.

"आग वरून लावायची आसते," फागू म्हणाला. "मंग ती रांगत खाली येते, बाईवानी, एक एक पाय टाकत. खालून लावली का घोड्यावानी पळते. घोड्यानं कंदी भाकरी भाजलेय का?"

"मी पुन्हा रचून देतो," गोवर्धन म्हणाला.

"देशील तर काय. दोन दिवस तुजे वाढले." मग त्याने पोशीच्या रानाकडे तोंड करून हाक दिली, "पोशे, शेटचे बारा नाय, चौदा. त्यानं माजं रान दुकानाच्या काडीनं भाजलं." रानभर हसू पसरलं. त्यात कुणी त्याला शिवी दिली नाही की आता नको येऊ म्हटलं नाही. चूक झाली होती आणि तिचं मोल ठरलं होतं, दोन दिवस. काकांच्या घरी चुकीला मोल नसे, क्षमा असे. ती तेरा वर्षं पुरली होती. दुसऱ्या दिवशी तो फागूच्या रानात सगळ्यांच्या आधी पोचला.

अक्षय्यतृतीयेला सहा दिवस उरले असताना चंद्रकांतशेट आले. ते तट्टावर, मागे लादणीचे चार बैल आणि एका छोट्या गाडीत कुसुमावती. घाटाच्या वर गाडी येत नाही, म्हणून शेवटचा कोस ती पायी चालत आली होती. दुकान चांगलं चाललंय, असं गोवर्धनने निरोपात कळवलं होतं. मुलाचं दुकान बघायला तिने स्वतः हट्ट धरला होता.

दुकानाला कुलूप होतं. एका म्हातारीने रानाकडे हात केला. काका रानात गेले तर त्यांना मातीच्या आणि राखेच्या थरातला एक माणूस दिसला. तो डोक्यावरचा टहाळाचा भारा खाली टाकत होता. त्याने वर पाहिलं तेव्हा काकांना पटलं की हा आपला पुतण्या.

"कुलूप काढ," काका म्हणाले.

खोपीत सगळं जिथल्या तिथे होतं. सहा डबे सहाच होते. बांगड्यांची पेटी पहिल्या दिवशी उघडली तशी उघडी, तिच्यावर वाळवीची माती. काकांनी एक एक वस्तू पाहिली, ओरडले नाहीत. ते ओरडणाऱ्यांतले नव्हते.

"वाण्याच्या पोराने दुकान बंद ठेवून दुसऱ्याचं रान जाळावं," ते शांतपणे म्हणाले, "हे मी पहिल्यांदा पाहिलं. किती दिवस?"

"बारावा."

"मजुरी काय देतात?"

"मजुरी नाही. चौदा दिवस भरले की सगळे येऊन छप्पर शाकारतील."

"कशाचं छप्पर? ह्यात आता काय ठेवणार आहेस?" काकांनी बैलवाल्याला माल बांधायला सांगितलं. "चल, हातपाय धू. वहिनी, निघू आपण. ह्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. जागा चुकली. आपलं घर आहे, दोघांनाही जागा आहे."

गोवर्धनने आईकडे पाहिलं. ती खोपीच्या मधोमध उभी होती आणि वर छपराच्या भोकातून दिसणारं आभाळ बघत होती. तिला आता परत जावं लागणार होतं. त्याच घरी, त्याच दारात. तिला इथवर चालवत आणून हेच दाखवायचं होतं का, असं त्याच्या मनात आलं.

"मला पाणी हवंय," कुसुमावती म्हणाली. "पिऊन येते, मग बघू."

ती पोशीच्या घरी गेली. पाणी प्यायला किती वेळ लागावा? ती घटकाभर आली नाही. गोवर्धन बघायला गेला तेव्हा ती कणगीजवळ बसली होती आणि गोदी तिला जुडी सोडून नागलीचं कणीस दाखवत होती. पोशी काहीतरी विचारत होती आणि आई उत्तर देत होती. दोघी जणू पूर्वीपासून ओळखीच्या असाव्यात तशा.

"हिचं माहेर खोडाळ्याचं," पोशी त्याला म्हणाली. "तुला ठावं होतं का? नागलीची भाकरी हिच्या हातची. तू आमाला बोलला नाय."

कुसुमावती उठली आणि बाहेर आली. "गोवर्धन, ह्या लोकांना काय लागतं?"

"मीठ. लोखंड. कापड."

"मग तू मीठ किती आणलं होतंस?"

"एक गोणी."

"एकच?"

"काका म्हणाले मिठात काय आहे."

"त्यांच्यासाठी नसेल." ती म्हणाली. "पावसाळ्याचं मीठ आणायला हे कधी जातात?"

"आता. राब झाला की प्रत्येक घरचा एक माणूस जव्हारला जातो. हिरडा आणि मध देतो, मीठ आणतो. जायला एक दिवस, बाजाराला एक, डोक्यावर ओझं घेऊन यायला एक."

ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणी पाढा चुकला की ती अशीच बघायची. गोवर्धन मनात मोजू लागला. तीन दिवस, बारा घरं. छत्तीस दिवस. ऐन शाकारणीच्या, पेरणीआधीच्या हंगामातले.

तो दारात आलेल्या पोशीकडे वळला. "मी सगळ्यांचं मीठ आणलं तर? बैलांवरून. तुमचा हिरडा मी नेईन, तुमच्यासमोर मोजून. मीठ आणि लोखंड आणून देईन. त्यातलं काही मी ठेवणार नाही."

"मंग तुला काय?"

"दिवस."

पोशीने डोळे बारीक केले. मग अंगणात येऊन बसलेल्या फागूकडे पाहिलं. फागूने बोटं मोजली, पुन्हा मोजली.

"एका घराचे तीन वाचले," तो म्हणाला. "त्यातला एक त्याला दिला तरी दोन आपल्याला. पीक निघाल्यावरची फेरी धरली, तर दुप्पट. पोशे, हा शेट हुशार झाला की काय?"

"दिवस घेऊन करशील काय?" पोशीने विचारलं. "छपर तर एका दिवशी होतं."

"माळाच्या खालचा तुकडा पडीक आहे," गोवर्धन म्हणाला. "फागूबाबांच्या रानाला लागून."

"दगड आहेत त्यात," फागू म्हणाला. "माजा बाप त्याला शिवला नाय."

"दिवस आहेत माझ्याकडे."

ते सगळं ऐकत काका अंगणाबाहेर उभे होते. बैल हवे होते ते त्यांचेच, वर्षातून दोन वेळा, पंधरा दिवस. गोवर्धनने मागितले तेव्हा त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. वाणी होते, आधी हिशोब केला. मीठ त्यांच्याच दुकानातून जाणार, हिरडा त्यांच्याच दुकानात येणार, बैल इथल्या गवतावर पोसणार. त्यात तोटा नव्हता. पण त्यांची अडचण ती नव्हती.

"वहिनी," ते कुसुमावतीला म्हणाले, "बैल घेऊन जाऊ दे त्याला. पण तुम्ही इथे? इथे हिवताप आहे. आजारी पडलात तर वैद्य आठ कोसांवर. चार महिने नदी चढलेली. माझ्या घरी तुम्हाला काय कमी पडलं ते तरी सांगा."

हा प्रश्न खरा होता. हिवतापावर उंबरमाळात काही नव्हतं. मागच्या आश्विनात फागूचा धाकटा भाऊ त्यातच गेला होता, आणि रानात सगळं मिळतं असं म्हणणारा फागूसुद्धा त्यावर कधी बोलत नसे.

"काही कमी पडलं नाही, भावोजी," कुसुमावती म्हणाली. "तुम्ही तेरा वर्षं सांभाळलंत. ते मी कुणापुढे नाकारणार नाही. आजारी पडले तर तुम्हालाच निरोप देईन. बरी असेपर्यंत इथे राहते."

"लोक म्हणतील, चंद्रकांतने भावजयीला रानात टाकली."

"त्यांना सांगा की मी राहिले. टाकली नाही, राहिले. तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील."

काकांनी बैलवाल्याला बांधलेल्या मालातून गोड्या तेलाचा डबा सोडून ठेवायला सांगितलं. कुसुमावतीने तो उचलून परत बैलाच्या पाठीवर ठेवला आणि दोर स्वतः आवळला. काकांनी ते पाहिलं. त्यांना राग आला की वाईट वाटलं, हे गोवर्धनला सांगता आलं नसतं. ते तट्टावर बसले आणि म्हणाले, "माल उतरवून बैल परवा परत पाठवतो. त्यांच्यावर हिरडा लादून मीठ घ्यायला ये. उशीर करू नकोस, गर्दी होते." ते घाट उतरून दिसेनासे होईपर्यंत मायलेक उभी होती.

पुढचे दोन दिवस गोवर्धन राबावर होता. फागूचा तुकडा दुसऱ्यांदा पेटवताना फागूने त्यालाच पुढे केलं, आणि त्याने आग वरून लावली. ती दुपारभर रांगत खाली आली. मग तो हिरडा घेऊन जव्हारला गेला आणि मीठ, सात कुऱ्हाडी आणि तीन नांगराचे फाळ घेऊन परतला. अक्षय्यतृतीया होऊन गेली होती. ती कुणाच्या लक्षात राहिली नाही.

शाकारणी त्यानंतर चौथ्या दिवशी झाली. बारा घरांतून सव्वीस माणसं आली. जुनं छप्पर सकाळी उतरलं, वासे बदलले, पुरुष वर चढले, बायका खालून गवताच्या पेंढ्या देत होत्या. जिव्या लंगड्या पायाने आढ्यावर बसला होता. बांधायला दोर त्याचाच होता, त्यामुळे दुसऱ्या कुणाला तो गाठ मारू देत नव्हता. फागू खाली उभा राहून सगळ्यांना चुका सांगत होता. स्वतः त्याने दिवसभरात एकही पेंढी उचलली नाही आणि कुणी तशी अपेक्षाही केली नाही. तिसऱ्या प्रहराला छप्पर पुरं झालं.

गोदीच्या रानात त्या दिवशी मोहाच्या बिया वेचायच्या राहिल्या होत्या. छप्पर झाल्यावर ती टोपली घेऊन निघाली तेव्हा कुसुमावतीने पदर खोचला.

"तू कशाला, आई?" गोदी म्हणाली. "तुजा दिवस कोनी मागितला नाय."

"मी देतेय. पुढे मला कणगी विणायची आहे, तेव्हा तू ये."

"तुला विणता येते?"

"नाही येत. म्हणून तर तू ये."

त्या दोघी मोहाखाली गेल्या. गोवर्धन नव्या छपराखाली आईची वाट बघत बसला. त्याला भूक लागली होती, आणि चूल मांडलेली पण थंड होती. ऊन उतरायला लागलं तेव्हा ती आली, हात तेलकट, साडीला पानं चिकटलेली. तिने पोशीकडून आणलेल्या नागलीच्या पिठाकडे पाहिलं, उडदाकडे पाहिलं. ती बराच वेळ ठरवत होती. तिला घाई नव्हती.

"आज काय?" गोवर्धनने विचारलं.

"बस जरा," कुसुमावती म्हणाली. "मला अजून ठरवू दे."